भरलेला रांजण

१

त्या वर्षी, म्हणजे १९६३च्या उन्हाळ्यात, हाँगकाँगला चार दिवसांतून एकदा चार तास पाणी येत होतं. लोक भांडी पानांनी पुसत होते, तांदूळ धुतलेल्या पाण्याने तोंड धूत होते, आणि त्याच पाण्याने पुन्हा जमीन पुसत होते. अशा शहरात मोक तोफूवाला पाण्यात बुडून मेला. तेही आपल्याच दुकानात, आपल्याच रांजणात, डोकं खाली आणि पाय वर.

तो रविवार पाण्याचा होता. दुपारी दोन ते सहा. सहाच्या ठोक्याला, नळाच्या पाळीची वही सांभाळणाऱ्या सित मास्तरांनी शिट्टी फुंकली, कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. बायकांच्या रांगेची जबाबदारी फुंगताईकडे होती. सत्तावन्न वर्षांची बाई, तरुणपणी केसांचा अंबाडा बांधून लग्न न करण्याची शपथ घेतलेली. तीस वर्षं साहेबांच्या घरी स्वयंपाक केला, त्यामुळे कुणाच्या बापाला भीत नव्हती. चार तास तिने रांगेतल्या घुसखोरांना फैलावर घेतलं होतं आणि आता तिचा घसा बसला होता.

बादल्या घेऊन ती घराशी आली तर जिन्याच्या तोंडाशी ओइ-लिन उभी. पहिल्या मजल्यावरची शिलाईवाली, नवरा जहाजावर, पाठीला बांधलेलं आठ महिन्यांचं पोर.

"आत्या, मोक काका दार उघडत नाहीत," ती म्हणाली. "साडेतीनपासून तीनदा वाजवून झालं."

दुकानाच्या फळ्या आतून लावलेल्या होत्या. फुंगताई मागच्या बोळातून गेली. मागचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. आत सोयाबीनचा आंबूस वास, दगडी जातं, भिंतीशी पोत्यांची थप्पी आणि कोपऱ्यात माणसाच्या छातीएवढा उंच रांजण. रांजणातून दोन पाय बाहेर आले होते.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. किती पाणी वाया गेलं, हेच आलं. मग तिला तिची स्वतःचीच लाज वाटली आणि हातातल्या बादल्या खाली ठेवून ती माणसं बोलवायला बोळात धावली.

२

शेक फौजदार तासाभरात आले. माणूस हुशार होता, पण घाईत होता. गेल्या महिन्यात शहरात दोन नळांवर सुरे निघाले होते आणि वरून सक्त हुकूम होता: पाण्यावरून जो खून करील त्याला दया नाही, थेट फाशी, म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. फौजदारांना पहिला धाक याच गल्लीत बसवायचा होता असं दिसत होतं.

प्रेत बाहेर काढल्यावरही रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता. फौजदारांनी त्यात हात घालून पाहिला आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडला. आज पाण्याचा दिवस, म्हणजे चौथा. दोन वाजायच्या आधी अख्ख्या शहरात कुणाच्या घरी तांब्याभरसुद्धा पाणी नव्हतं. इथे तर रांजण भरलाय. याचा अर्थ मोकने दोननंतर नळ सोडला, रांजण भरला, आणि मग कुणीतरी त्याला त्यात दाबला. म्हणजे दोन ते सहा. प्रेत पाण्यात होतं, डॉक्टरला नेमकी वेळ सांगता येणार नाही, पण रांजण सांगतोय.

सगळ्यांनी मान हलवली. फुंगताईनेही हलवली. भरलेलं भांडं म्हणजे नुकतंच पाणी येऊन गेलं, हे त्या उन्हाळ्यात पोराबाळांनाही कळत होतं.

आता दोन ते सहा कोण कुठे होतं? गल्लीतले बहुतेक सगळे नळावर, मास्तरांच्या वहीत पाळीच्या नंबरासकट. इमारतीत त्या वेळी दोनच जणी. तिसऱ्या मजल्यावर फुंगताईच्या शेजारची याव आजी, जिला काठीशिवाय चार पावलं टाकता येत नव्हती. आणि पहिल्या मजल्यावर ओइ-लिन, जी साडेतीन वाजता मोकच्या फळ्या बडवत "उघडा, उघडा" ओरडताना रस्त्यावरच्या पंधरा जणांनी पाहिली होती.

"मी टब मागायला गेले होते," ओइ-लिन म्हणाली. "माझ्याकडे दोनच बादल्या आहेत. मोक काका पाण्याच्या दिवशी मला त्यांचे चार लाकडी टब देतात. मी त्यांचे एप्रन शिवून देते."

"पाण्याच्या दिवशी?" फौजदार हसले. "तोफूवाला? त्याला स्वतःलाच टब पुरायचे नाहीत. थाप मारायची तर जरा बरी मार."

आणि मग कुणीतरी, कोण ते नंतर कुणी कबूल केलं नाही, दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट काढली. तेव्हा मोक नळ पूर्ण सोडून बसला होता आणि वर कुणालाच थेंब मिळत नव्हता. ओइ-लिन जिन्यात उभी राहून सगळ्यांदेखत किंचाळली होती, की बुडून मरशील एकदा त्या रांजणात.

फौजदारांनी वही मिटली. ओइ-लिनने पाठीवरचं पोर सोडून फुंगताईच्या हातात दिलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "आत्या, दुधाच्या पावडरीत उकळलेलंच पाणी घाला." हातात पोर घेऊन फुंगताई रस्त्यात उभी राहिली आणि पोलिसांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी तिला हलता येईना.

३

सोमवार तिने पोराला सांभाळण्यात काढला. मंगळवारी सकाळी पोर पाठीला बांधलं आणि बाहेर पडली. ओइ-लिनला फाशी झाली तर हे पोर कुणाचं? बापाच्या जहाजाचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. ओइ-लिनने माणूस मारला असेल यावर फुंगताईचा काडीचाही विश्वास नव्हता. पण विश्वासाला फौजदार विचारत नव्हते.

ती आधी समोरच्या ग्वानकडे गेली. ग्वान काढ्याच्या चहाचं दुकान चालवायचा. चालवायचा म्हणजे जूनपासून ते बंदच होतं. मोकचं आणि त्याचं हाडवैर होतं. त्याला नुसतं छेडलं तरी तो तासभर बोलायचा, आणि आज तर तो छेडल्याशिवायच बोलायला लागला.

"मी मारला असं वाटतंय ना तुला, ताई? बारा वाजल्यापासून मी डब्यावर बसून होतो, रांगेत पहिला. तूच मला हटकलंस, पाय आत घे म्हणून. आठव."

तिला आठवलं. ग्वान मग आपलं दुखणं सांगत बसला. त्याच्या काढ्याला रोज चार डबे पाणी लागतं. मिळेना म्हणून दुकानाला कुलूप. मोकला सोयाबीन भिजवायला, दळायला, वड्या गार पाण्यात ठेवायला रोज दहा डबे लागत असतील. तरी त्याचा तोफू एक दिवस चुकला नाही. "तोच सरकार, तोच नळ, तेच चार तास. मला सांग, तो आणतो कुठून?" ग्वानने विचारलं. "मी महिनाभर डोकं खाजवतोय."

फुंगताईने ते ऐकून घेतलं आणि तिथेच ठेवलं. मत्सरी माणसाचं अर्धंच खरं धरायचं, असा तिचा स्वयंपाकघरातला नियम होता.

दुपारी ती चौकीवर गेली. पोराला पाजायचं म्हणून शिपायाने दहा मिनिटं दिली. ओइ-लिन पोराला छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि फुंगताई पाठीमागून विचारत राहिली. टब देण्याचं कधीपासून सुरू झालं? महिन्यापासून. त्याआधी? त्याआधी एक वाटी उसनी मागायचीही सोय नव्हती, तो अंगावर यायचा. मग एकाएकी काय झालं?

"काय माहीत. सहातले चार मला दिले. म्हणाले, घेऊन जा, मला दोन पुरतात." ओइ-लिनने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला वाटलं, त्या शिव्या दिल्यामुळे वरमले असतील."

मोक वरमणारा माणूस नव्हता. दहा डबे पाणी लागणाऱ्या माणसाला, पाण्याच्या दिवशी, सहातले दोन टब पुरत होते. ग्वानचा प्रश्न फुंगताईच्या मनात परत आला आणि या खेपेला तो तिथून हलेना.

"रविवारी तू बादल्या भरल्यास का?"

"दोन. दहा मिनिटांत. मग नळ बंद केला, मग टबांची वाट बघितली."

"आणि दोनच्या आधी?"

ओइ-लिन वळून बघायला लागली. "दोनच्या आधी मी तुमच्याच खोलीत होते की, आत्या. तुम्ही नळावर पोचायच्या आधी तासभर माझ्या बाळाला खेळवत होतात. तुम्ही पावणेबाराला गेलात आणि मी तिथेच झोपलेल्या बाळापाशी बसले. शेजारची याव आजी होती सोबत. दोनला पाण्याचा आवाज आला तेव्हा उठले."

शिपाई आला. वेळ संपली होती.

४

याव आजीच्या आवाजाला गल्लीत तोड नव्हती. पाण्याच्या दिवशी तिचं एकच काम. खालच्या मजल्यावर कुणी नळ पूर्ण सोडला की वरचा नळ सुकतो, मग आजी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडायची, "खालचे, नळ बंद करा!" सगळ्या शहरात त्या वर्षी हीच ओरड होती. मोकने नळ सोडला की आजी दर पाच मिनिटांनी ओरडायची, आणि मोक खालून तिच्या मेलेल्या नवऱ्याची आठवण काढायचा.

रविवारी फुंगताई चारही तास नळावर होती. तिची पिंपं आजीच भरायची.

"आजी, रविवारी किती वेळा ओरडलीस?"

आजीने काठी टेकून विचार केला. "एकदासुद्धा नाही."

"मोकने नळ सोडला होता ना?"

"सोडला असता तर मी गप्प बसले असते का? जाड धार होती गं, माझ्या अंगठ्याएवढी. अर्ध्या तासात तुझं-माझं सगळं भरून झालं. मी म्हटलं, मेल्याला देवाने बुद्धी दिली." आजी थांबली. "म्हणजे, तेव्हा तो मेलाय हे मला माहीत नव्हतं."

फुंगताई खाटेच्या कडेवर बसली. 

मोकचा नळ रविवारी उघडलाच नव्हता. मग रांजणातलं पाणी त्या दिवसाचं नव्हतं. ते आधीचं होतं, बुधवारचं. चौथ्या दिवशी, जेव्हा सगळ्या शहराचे रांजण खणखणत होते, तेव्हा मोकचा रांजण भरलेला होता. कसा, ते तिला अजून कळत नव्हतं. पण फौजदारांचा सगळा हिशेब ज्या पायावर उभा होता तो पायाच गेला. सकाळी अकरापर्यंत तोफू विकणारा मोक जिवंत असता तर दोनला नळ सोडल्याशिवाय राहिला नसता; म्हणजे तो दोनच्या आत मेला होता. आणि दोनच्या आत ओइ-लिन फुंगताईच्या खोलीत, याच आजीसमोर बसलेली होती. पोरगी सुटली.

आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आजीला मिठीच मारली.

"सोड, सोड. माझी हाडं मोडशील," आजी म्हणाली. पण तिला बोलायला माणूस मिळालं होतं. "रविवारी तर मला वाटलं, सगळं संकटच टळलं. पाणी यायच्या आधीची गोष्ट. एक वाजून गेला असेल. खिडकीच्या फळीवर टपटप टपटप. मी म्हटलं, पाऊस आला गं बाई! वाटी धरली बाहेर. वर बघते तर आभाळ स्वच्छ. गच्चीच्या तारेवर मास्तरांचा सदरा लटकतोय, त्याचंच पाणी. भिजून चिंब. मी ते अर्धी वाटी धरलं आणि झाडाला घातलं."

फुंगताईचे हात आजीच्या खांद्यावरून खाली आले.

रविवारी एक वाजता गल्लीत कुणाकडे सदरा भिजवण्याइतकं पाणी नव्हतं. आणि तिला आणखी एक गोष्ट आठवली. दोनला दहा कमी असताना मास्तर नळावर आले ते पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या सदऱ्यात. रांगेत सगळ्यांच्या अंगाला चार-चार दिवसांचा वास येत होता. तिला किती बरं वाटलं होतं. म्हटलं, बरं झालं, माणूस सावरतोय.

५

सित मास्तर गच्चीवरच्या खोपटात राहायचे. खाली नळ, वर नळ, त्यांना मात्र नळ नव्हता. त्यांचं पाणी रस्त्यावरूनच यायचं. गच्चीवरच ते पन्नास पोरांची शाळा चालवायचे. बायको मागेच गेली. सात वर्षांची मुलगी होती, पुई. ती अकरा दिवसांपूर्वी कॉलऱ्याने गेली. त्या पोरीने फुंगताईला म्हातारपणी आई केलं होतं. नळाच्या रांगेत ती फुंगताईच्या अंगरख्याची कड धरून उभी असायची, दुपारचं तिच्याच हातचं खायची. दवाखान्याच्या गाडीत तिचं डोकं फुंगताईच्याच मांडीवर होतं. कुणाच्या तरी डब्यातलं न उकळलेलं पाणी पोटात गेलं असणार, असं सगळे म्हणाले.

मास्तर वह्या तपासत होते. फुंगताईला बघून उठले, स्टूल पुढे केलं. पाठीवर पोर होतं म्हणून ती बसली नाही.

आल्या आल्या तिने सगळं सांगितलं. आजी ओरडली नाही. रांजण बुधवारचा. सदरा एक वाजता ओला. बोलता बोलता तिला वाटत होतं, आता हे म्हणतील की ताई, तुमचं डोकं फिरलंय, आणि मी सुटेन. मास्तर तसं म्हणाले नाहीत. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"मीच," ते म्हणाले.

तिला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "आणि ती पोरगी दोन दिवस आत बसलीय. तिचं दूध सुकतंय. तुम्ही इथे वह्या तपासता?"

"उद्या सकाळी जाणार होतो. खरंच जाणार होतो, ताई. जबाब लिहून ठेवलाय." त्यांनी वहीखालून एक कागद काढला. त्यावर मुलांना शिकवतात तशा टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, की आजीच्या तक्रारीवरून मी मोकला नळ जपून सोडायला सांगायला गेलो, पाण्यावरून वाद झाला, रागाच्या भरात मी त्याला रांजणात दाबलं. खाली सही.

फुंगताईने कागद दोनदा वाचला. "हे खोटं आहे."

"मारला हे खरं आहे."

"वाद झाला हे खोटं. वीस वर्षांत तुम्ही कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. पाण्यावरून खून म्हणून लिहून दिलंत तर फौजदार तुम्हाला महिन्याच्या आत लटकवतील. तुम्हाला ठाऊक आहे ते."

"ठाऊक आहे."

"मग खरं कारण का लिहीत नाही?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत भीती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती, एवढं तिला कळलं. "ताई," ते हळू म्हणाले, "तुम्ही ओइ-लिनला सोडवायला आलात. ती सुटली. एवढ्यावर थांबा. कारण विचारू नका, मी पाया पडतो."

तिने आयुष्यात कधी अर्धं काम सोडलं नव्हतं. साहेबांच्या घरी एक चमचा हरवला तरी ती सगळा बंगला पालथा घालायची.

"सांगा," ती म्हणाली.

६

मास्तरांनी सांगितलं, ते तिच्याकडे न बघता.

रविवारी एकच्या सुमारास ते मागच्या दाराने मोककडे गेले, आजीसाठी दोन शब्द सांगायला. दार लोटलं तर भिंतीजवळची पोती बाजूला सारलेली आणि फळ्या उचललेल्या. खाली विहीर. जुनी, इमारत बांधायच्या आधीची. साथीच्या वर्षी आरोग्य खात्याने सिमेंट ओतून बंद केलेली. बोळातलं गटार तिच्या काठावरूनच जात होतं. मोकने महिन्यापूर्वी ते सिमेंट फोडलं होतं आणि दोरीने बादली ओढत होता.

आणि त्याच्या मागे रांजण. चौथ्या दिवशी काठोकाठ भरलेला. मास्तर शाळेतला माणूस, हिशेब पटकन करणारा. नळाचं पाणी इथे, विहिरीचं तिथे. "हे कुणासाठी?" त्यांनी रांजणाकडे बोट दाखवून विचारलं. मोक हसला. त्याला वाटलं असेल, मास्तर पाणी मागायला आलेत.

"म्हणाला, हे माझं प्यायचं. गिऱ्हाइकांना विहिरीचं चालतं, त्यांना कुठे कळतंय." मास्तरांचा आवाज तसाच सपाट होता. "मी म्हटलं, तू सोयाबीनचं दूध उकळतोस ना? तर म्हणाला, दूध उकळतो की. वड्या नंतर गार पाण्यात ठेवाव्या लागतात. आणि गोड तोफूवरचा पाक पातळ करायला पाणी घालावं लागतं. ते कुठे उकळत बसू, एवढं सरपण कुणाकडे आहे. मग माझे हात त्याच्या मानेवर होते. त्याने फार धडपड केली नाही, ताई. बाहेर पडण्याआधी मी विहिरीवर फळ्या टाकल्या, पोती सरकवली. आरोग्य खात्याला त्या विहिरीबद्दल निनावी पत्र टाकलंय. कालच."

फुंगताईच्या पाठीवर पोर कुरकुरलं. तिने हात मागे नेऊन त्याला थोपटलं, सवयीने. तिचं डोकं अजून काम करत होतं, तिला नको असताना करत होतं.

गल्लीत पाच-सहा जणांना त्रास झाला, पण बहुतेकांनी तोफू तळून नाहीतर सूपमध्ये उकळून खाल्ला. तिने स्वतःही तळूनच खाल्ला होता. गार, गोड, वाटीतला तोफू खाणारी माणसं थोडी. आणि पुईला तर मास्तर बाहेरचं काही खाऊच देत नव्हते. साथीच्या नोटिसा लागल्यापासून त्यांनी तिला शपथ घातली होती. पोरगी शहाणी होती, बापाची शपथ मोडणारी नव्हती. कुणी मोठ्या माणसाने म्हटल्याशिवाय.

उन्हात तास-तास रांगेत उभं राहून पोरीचा चेहरा लाल व्हायचा. एक वाटी गार काहीतरी. बाबांना आपण सांगायचं नाही हं.

फुंगताईने भिंत धरली. मास्तर धावत आले, पोर पडेल म्हणून त्यांनी खालून हात लावला. 

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं. 

"शेवटच्या रात्री पुई म्हणाली होती. कौतुकाने सांगत होती, की आत्या मला गोड तोफू देते, तुम्ही रागावू नका. मी तेव्हा कशाला काय जोडणार? ते मोकने जोडून दिलं." मास्तर थांबले. "म्हणून म्हटलं, विचारू नका. पोरीने तुमच्या हातून प्रेमाने खाल्लं. ते तसंच राहू द्यायचं होतं मला. एका माणसाला फाशी होणारच होती. ती पाण्यापायी झाली काय आणि कशापायी झाली काय."

तिने त्यांना शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदाच दिली, आणि मग तिला रडू कोसळलं. मास्तरांनी तिला रडू दिलं. वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी ती जमिनीवर बसली आणि पोर तिच्या पाठीवर तिच्याबरोबर हलत राहिलं.

दिवे लागायच्या आत ते तिघं चौकीवर पोचले. शेक फौजदारांनी मास्तरांचा कागद वाचला, भुवया उंचावल्या, मग आजीच्या ओरडण्याचं आणि सदऱ्याचं ऐकून बराच वेळ टाचणीने दात कोरत बसले. आपला रांजणाचा हिशेब चुकला हे त्यांना झोंबलं, पण त्यांनी ते मान्य केलं. ओइ-लिनला बाहेर आणलं. तिने कुणाकडेही न बघता फुंगताईच्या पाठीवरचं पोर सोडून घेतलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन पाजायला बसली.

"तर कारण, पाण्यावरून वाद," फौजदार लिहिता लिहिता म्हणाले. "मास्तर, तुम्ही शिकलेले. याचा शेवट काय, ते तुम्हाला सांगायला नको."

"नको," मास्तर म्हणाले.

"वाद झाला नव्हता," फुंगताई म्हणाली. "त्या दुकानात पोत्यांखाली फळ्या आहेत, त्या उचलायला माणूस पाठवा. आणि हा कागद फाडा. मी सांगते ते लिहा."

मास्तरांनी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

तिने विहिरीपासून सुरुवात केली. गटार सांगितलं, पाक सांगितला, रांजण कुणासाठी होता ते सांगितलं. फौजदार लिहीत गेले. मग ते पुईपाशी आले आणि त्यांची लेखणी थांबली. मुलगी बाहेरचं खात नव्हती असं तुम्हीच म्हणता, मग तिने हे कुठे खाल्लं?

"माझ्याकडे. सहा दिवस, रोज एक वाटी. तिचा बाप नाही म्हणायचा, मी लपवून द्यायचे."

बाकावर ओइ-लिनने मान वर केली. चौकीतला शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. फौजदारांनी घसा खाकरला. या बाईला त्यांनी दोन दिवसांत ओळखलं होतं आणि त्यांना तिची कीव आली असावी. ते म्हणाले की विहिरीचं तुम्हाला ठाऊक नव्हतं. कायद्याने तुमच्यावर काहीच येत नाही. हे जबाबात घातलं की कोर्टात वाचलं जाणार, पेपरात येणार, गल्ली तुमच्या तोंडावर बोलणार. मुलीने कुठेतरी खाल्लं, एवढं लिहिलं तरी भागेल.

"भागणार नाही," फुंगताई म्हणाली. "कुठेतरी म्हटलं की कोर्ट म्हणेल कशावरून. मग हा माणूस पाण्यावरून खून करणारा ठरेल. तिला कुणी दिलं, कधी दिलं, कुठून आणून दिलं, सगळं लिहा."

"ताई, तुमचा गुन्हा नाही."

"गुन्हा नसेल. दिला मी."

फौजदारांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. फुंग युन-हो, ती म्हणाली. त्यांना ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, आणि ते लिहून होईपर्यंत टेबलाची कड धरून उभी राहिली.